पाड्यावरचा रात्रीचा वर्ग : आधी पुस्तक की आधी कागद?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी जव्हार तालुक्यातली, कोकणा समाजातली. डी.एड. झाल्यावर काही वर्षं नाशिककडे शिकवत होते, आता घरी परतले आहे. गेल्या ग्रामसभेत ठरलं की पाड्यावर मोठ्या माणसांसाठी रात्रीचा वर्ग लावायचा आणि तो मी चालवायचा. नावं द्यायला पुरुषांपेक्षा बायाच जास्त आल्या. आवणी (भाताची लावणी) उरकली की सुरुवात करायची आहे, म्हणून त्याआधी इथल्या जाणत्यांशी बोलावं म्हटलं.

'उल्लास'चं साहित्य हातात आहे. २०२२ ते २०२७ असा हा केंद्राचा साक्षरता कार्यक्रम, १५ वर्षांवरच्या कोणालाही नाव घालता येतं. शिकवणारे स्वयंसेवक, त्यांना मानधन नाही. शेवटी १५० गुणांची चाचणी असते: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. त्यातलं शिकवायचं पुस्तक, प्रवेशिका, नीट केलेलं आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण नावनोंदणीला घरोघर फिरले तेव्हा बहुतेक घरांतून एक प्लास्टिकची पिशवी बाहेर निघाली. वनपट्टा (कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचा कागद), जॉबकार्ड, रेशनकार्ड, पासबुक, वीटभट्टीवरच्या हिशोबाची चिठ्ठी. 'वर्गाला येऊ, पण आधी यात काय लिहिलंय ते सांग.' एका मावशीचा वनपट्टा बघितला, तर नवऱ्याबरोबर तिचंही नाव. वनहक्क कायद्यातच आहे, लग्न झालेलं असेल तर पट्टा दोघांच्या नावे. नवरा वारल्यावर जमीन दिराकडे जाणार असं ती धरून चालली होती. 'माझं नाव कुठं आहे ते दाखव,' म्हणाली. मी बोट ठेवलं. तिने ती तीन अक्षरं पुन्हा पुन्हा बघितली आणि मग सुनेला बोलावून तिलाही दाखवली.

त्या दिवसापासून माझ्या मनाने घेतलं आहे की वर्ग या पिशवीपासून सुरू करावा. वनपट्ट्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि आमची माणसं एकर-गुंठ्यात बोलतात. '०.४०' वाचून कुणाला वाटतं अर्धा एकरही मिळाला नाही, प्रत्यक्षात तो जवळजवळ एक एकर असतो. हे एकदा फळ्यावर मांडलं की दशांश चिन्ह कशासाठी असतं ते वेगळं शिकवावं लागत नाही. वनपट्ट्यासाठी केलेला दावा नामंजूर झाल्याचं पत्र आलं तर वरच्या समितीकडे दाद मागायला ६० दिवस असतात. म्हणजे पत्रावरची तारीख वाचता येणं आणि त्यापुढे ६० दिवस मोजता येणं हा आमच्यासाठी जमिनीचा प्रश्न आहे. प्रवेशिकेत तारीख येते ती बऱ्याच धड्यांनंतर.

तुम्ही कोणी असं केलं आहे का? कागदापासून सुरू केलेला वर्ग पुढे वाचनापर्यंत पोचतो, की माणसं आपापलं काम झालं की यायची थांबतात? भाषेचं काय करावं? आणि दिवाळीनंतर निम्मा पाडा भट्टीवर जातो, तेव्हा?

---

तेंदूफळी

रानजाईताई, जोहार. मी कोरची तालुक्यातला, जिल्हा गडचिरोली. तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर 'पोचतो' असं आहे, फक्त कागद एकट्याचा नको, सगळ्यांचा हवा.

आमच्याकडे तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांचा, व्यवहार ग्रामसभा स्वतः करायला लागली तेव्हा गावात आकडेमोड शिरली. ७० पानांचा एक पुडा, शंभर पुड्यांवर दर. पूर्वी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, मुन्शी मोजायचा आणि तो म्हणेल तो आकडा. आता फळी ग्रामसभेची, मोजणारा गावचा, आणि कंत्राटदाराशी करारनामा ग्रामसभेच्या सहीने होतो. साहजिकच लोकांना कळून घ्यावंच लागलं: मजुरी किती, रॉयल्टी किती, त्यातलं गावाच्या खात्यात किती राहिलं, बोनस कशावर काढला. ज्या बाया शाळेत कधी गेल्या नाहीत त्या भर सभेत विचारतात, 'आपल्या फळीवर इतके पुडे झाले, मग खात्यात एवढेच कसे?' हा प्रश्न विचारता यावा म्हणून त्या आकडे शिकल्या. कोणी त्यांना साक्षरता वर्गाला बसवलं नव्हतं.

करारनामा मराठीत असतो. आमच्याकडे घरात गोंडी, बाजारात छत्तीसगढी. म्हणून सभेत एक जण मराठीत एक कलम वाचतो, दुसरा गोंडीत सांगतो, आणि लोक हो म्हणाल्याशिवाय पुढच्या कलमाला हात घालत नाहीत. वेळ फार जातो, जाऊ दे. दोन-तीन हंगामांत लोकांना कलमांचा क्रमसुद्धा पाठ होतो. मग कागदावर बोट ठेवून 'हे ते पैसे कधी द्यायचं कलम ना?' असं विचारतात. वाचन तिथून सुरू होतं.

मेंढा (लेखा) तुम्हाला माहीत असेलच. धानोरा तालुक्यातलं गाव, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. २००९मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला, १,८०० हेक्टरच्या आसपास जंगल. २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. हे सगळं लोक सांगतात. त्यामागचे अभ्यासगट मात्र फार कमी लोक सांगतात. गावचे देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी वर्षानुवर्षं एखादा विषय घेऊन बसायचे. कायदा, जंगल, मधमाश्या, दारू. बाहेरचा जाणकार बोलवायचे, पण तो पाहुणा म्हणून. अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नाही, फक्त समजून घ्यायचं. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वांची सहमती झाली तरच. शिकणं आणि ठरवणं वेगळं ठेवल्यामुळे माणूस अडाणी प्रश्न विचारायला घाबरत नाही. तुमच्या वर्गालाही हा नियम लावून बघा. वर्गात कोणाच्या जमिनीचा निकाल लावायचा नाही.

---

सुरगाण्याचे गुरुजी

रानजाई, तुझं लिखाण वाचून समाधान वाटलं. मी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो. २ ऑक्टोबर १९७८ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतर लगेच मी सुरगाणा भागात रात्रीचं केंद्र चालवलं. महिना ५० रुपये मानधन, एक कंदील, ३० जणांचं केंद्र, १५ ते ३५ वयाची माणसं. त्या कार्यक्रमाची तीन अंगं कागदावर फार चांगली होती: साक्षरता, कार्यक्षमता आणि जाणीवजागृती. पुढे ५ मे १९८८ला राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं आणि मोहिमेचा काळ सुरू झाला. तेही जवळून पाहिलं.

तुझा कागदाचा विचार मला पटतो, पण एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. सही.

मोहिमेच्या दिवसांत सगळ्यांना घाई असायची ती सहीची. अंगठेबहाद्दर शिल्लक राहू नये, आकडा वर जावा. माणूस नाव गिरवायला शिकला की साक्षर म्हणून मोजला जायचा. आता विचार कर, अंगठा लावणाऱ्या माणसाला कागद वाचून दाखवावा लागतो, साक्षीदार लागतो, कोणीतरी 'याला समजावून सांगितलं' असं लिहितं. सही करणाऱ्याला कोणी वाचून दाखवत नाही. त्याने वाचूनच सही केली असं धरलं जातं. म्हणजे वाचता न येणाऱ्याला नुसती सही शिकवली, तर त्याचं उरलंसुरलं संरक्षण आपण काढून घेतो. सावकाराच्या स्टँपपेपरवर झोकदार सही करून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

म्हणून माझा आग्रह असा, की कागदापासून सुरुवात कर, पण अक्षरओळख टाळू नकोस. मावशीला तिच्या नावाची तीन अक्षरं ओळखता आली, फार छान. आता त्याच तीन अक्षरांनी होणारे दुसरे शब्द तिच्यासमोर ठेव. तिच्या पट्ट्यावर गावाचं नाव आहे, तालुक्याचं आहे, 'हेक्टर' आहे, 'क्षेत्र' आहे. 'क्ष' आणि 'त्र' ही जोडाक्षरं पुस्तकात शेवटी येतात, तुझ्या वर्गात पहिल्या महिन्यात येतील. येऊ देत. मोठ्या माणसाला अवघड अक्षराची भीती नसते, निरर्थक अक्षराचा कंटाळा असतो. 'कमल बघ, छगन पळ' यात चाळीस वर्षांच्या बाईला काय स्वारस्य?

सही सगळ्यात शेवटी शिकव. आणि सहीबरोबर एक वाक्य शिकव: 'वाचून सही करते, कागद इथे ठेवून जा.'

---

रानजाई

गुरुजी, नमस्कार करते. सहीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, मी सहीच आधी घेणार होते, कारण बाया तेच मागतात. आता क्रम बदलते.

तेंदूफळी दादा, अभ्यासगटात निर्णय नाही हे फार कामाचं सांगितलंत. आमच्याकडे दोन घरांत बांधावरून वाद आहे आणि दोघांची नावं वर्गाला आली आहेत.

---

भट्टीवरून

भट्टीचं मी सांगतो. वसई-भिवंडी पट्ट्यात वीटभट्ट्यांवर कातकरी, वारली, कोकणा कुटुंबं येतात, त्यांच्यात मी काम करतो. दिवाळीच्या आगेमागे निघायचं आणि पावसाच्या तोंडावर परत. पाड्यावरचा वर्ग या सहा-सात महिन्यांत बंद पडतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. याचा दोष लोकांच्या माथी मारतात. वेळापत्रक पावसाळ्याचं करा, म्हणजे निम्मं भांडण मिटतं. जून-जुलैत आवणी सोडा, ऑगस्ट ते दिवाळी घट्ट धरा, आणि भट्टीवर जाताना एक वही बरोबर द्या.

वहीत तीनच रकाने. बयाणा म्हणून आधी उचल किती घेतली, आठवड्याला खर्ची (घरखर्चाचे पैसे) किती मिळाली, आणि त्या आठवड्यात विटा किती पाडल्या. विटांचा दर हजारावर असतो. हंगाम संपताना शेठचा माणूस सांगतो की उचल अजून फिटलेली नाही, पुढच्या वर्षी परत या. समोर स्वतःची वही असली की बोलणं बदलतं. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली आहे, पण न फिटणारी उचल हा तिचाच धागा आहे, आणि तो तुटतो हिशोबाने.

आकडे लिहिता येत नसतील तर रेघा मारा. पाच रेघांचा एक गठ्ठा, हे सगळ्यांना येतं. रेघांवरून आकड्यांवर येणं सोपं. आमच्याकडे नवरे उचल घेतात आणि विटा दोघं पाडतात, म्हणून वही बाईच्या हातात द्या. तिला महिना-दीड महिन्यात कळतं की आठवड्याची खर्ची कुठे चालली आहे. त्यावरून घरात भांडणं होतात, तीही धरून चाला. वर्ग घेणाऱ्या बाईला त्या भांडणात कोणीतरी ओढणारच, त्यामुळे पुरुषांशी आधीच बोलून ठेवा.

---

नर्मदाकाठ

धडगावहून, जिल्हा नंदुरबार. घरी पावरी बोलतो. भाषेबद्दल थोडं.

वर्गात चर्चा घरच्या भाषेतच होऊ द्या, आणि लिहायलाही लाजू नका. पावरी देवनागरीत लिहिता येते, कोकणी-वारलीही येईल. माझी आजी मराठी धडा वाचताना अडखळायची, पण तिच्याच तोंडची आमच्या याहामोगी देवीची गोष्ट मी लिहून समोर ठेवली तेव्हा ती शब्द आधीच ओळखून पुढे जायची. पुढचा शब्द कोणता येणार हे माहीत असलं की डोळा अक्षरावर धीराने थांबतो. आधी स्वतःचं बोलणं कागदावर बघू दे, मग सरकारची मराठी. कागदाची मराठी तशीही पुण्याच्या माणसाला कळत नाही!

गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा काढली आहे. मोठ्यांसाठी तेवढं धाडस आपण का करू नये?

---

प्रकाश_लातूरकर

सगळ्यांचं वाचलं. थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के आणि राज्यातल्या अनुसूचित जमातींची ६५.७ टक्के. आदिवासी स्त्रियांची ५७. ही दरी भरायची तर मोजता येईल असं काहीतरी लागणारच. चाचणी, प्रमाणपत्र, आकडे यांना आपण कमी लेखलं तर निधी देणारे आणि धोरण ठरवणारे म्हणतील की तिथे काही चाललेलंच नाही. प्रत्येक पाड्याने आपापल्या पिशवीतून अभ्यासक्रम काढला तर कोण कुठे पोचलं हे कळणार कसं? आणि प्रमाणपत्राला स्वतःचं मोल आहे. आमच्याकडच्या एका आजींनी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं आहे.

---

रानजाई

प्रकाशजी, राग कसला. चाचणीला आमची माणसं बसणार आहेत आणि पासही होतील. त्या ५७ टक्क्यांच्या बाहेर ज्या बाया आहेत त्यांतल्या काही माझ्या आत्या-मावश्या आहेत, म्हणून तो आकडा मला पुसायचाच आहे.

पण क्रमाबद्दल मी ठाम आहे. चाचणीसाठी वर्ग लावला तर मार्चमध्ये चाचणी झाली की दिवा विझतो. वर्ग गावाच्या कामासाठी असला तर चाचणी मधल्या वाटेवर येऊन जाते आणि वर्ग चालू राहतो. आणि कोण कुठे पोचलं याची मोजणी आम्हीही करणार आहोत. ग्रामसभेचं इतिवृत्त सध्या ग्रामसेवक लिहितात. वर्षभराने ते वर्गातल्या दोघी मिळून लिहितील आणि सभेत वाचून दाखवतील, ही माझी परीक्षा. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, त्याच्या २०१४च्या नियमांप्रमाणे पाड्याचीसुद्धा स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, आणि २०१५पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी पेसा ग्रामपंचायतींकडे येतो. तो कशावर खर्च झाला हे वाचणारं माणूस प्रत्येक पाड्यावर नको का?

---

शोधवाट

मी गडचिरोलीत आरोग्य प्रशिक्षणाचं काम पाहिलं आहे. इथे सगळे वाचन-लेखनाबद्दल बोलत आहेत, म्हणून एक वेगळं उदाहरण.

बाळाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायला मिनिटाला श्वास किती हे मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, त्यापुढच्या वर्षभराच्या बाळाला ५० किंवा जास्त झाले तर धोका. गावातल्या सुईणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी त्यांच्यासाठी साधं यंत्र केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि त्याबरोबर मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपेपर्यंत मणी खुणेच्या पुढे गेला तर औषध. साठपर्यंत आकडे शिकवत बसले असते तर तोपर्यंत किती बाळं गेली असती! पुढे ३९ गावांत थोडं शिकलेल्या गावच्याच बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, आणि १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी.

मला यातून घ्यावंसं वाटतं ते असं, की माणसाला जे येतं तिथून सुरू करून त्याच्या हाती आजच काम देता येतं. दहापर्यंत येतं ना, मग दहाच्या मण्यांनी साठ मोजा. रानजाई, तुझ्या बाया भाताच्या पेंढ्या बांधताना, मोहाची फुलं वाटताना, भिशीचे पैसे ठेवताना काहीतरी मोजतच असतात. ते कसं मोजतात हे आधी त्यांच्याकडून शिकून घे.

आणि आणखी एक, अगदी साधं. चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही. वर्गात पाठी बसून 'मला नाही जमत' म्हणणाऱ्या कितीतरी बायांना अक्षर कळत नसतं असं नाही, ते दिसत नसतं. नाव घालण्याच्या आधी डोळे तपासून घे. जवळचे चष्मे स्वस्त असतात. प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून एखाद्या बाजाराच्या दिवशी तपासणी ठेव. मग फळ्यावर अक्षर मोठं काढ आणि दिवा सौर असला तरी दोन ठेव, एक फळ्यावर, एक वहीवर.

---

मेघना_ऑकलंड

मी न्यूझीलंडमध्ये राहते आणि इथे माओरी भाषेच्या वर्गाला जाते. 'ते आतारांगी' नावाची पद्धत आहे. कातेरीना माताइरा आणि ङोई पेफायरांगी या दोन माओरी बायांनी १९७९च्या सुमारास ती उभी केली, मोठ्या माणसांना आपली हरवत चाललेली भाषा परत मिळावी म्हणून. शिकवणारी बहुतेक माणसं गावातली, भाषा अस्खलित बोलणारी, शिक्षकी पदवी असो वा नसो. पुस्तक नाही. रंगीत लाकडी कांड्या मध्ये ठेवतात आणि त्या उचलत, ठेवत, मागत बोलायचं.

सांगण्यासारखे म्हणजे तिथले नियम. दुसऱ्याला उत्तर सुचवायचं नाही. ज्याची पाळी त्याला हवा तेवढा वेळ द्यायचा, बाकीच्यांनी शांत बसायचं. कोणाच्या रीतीरिवाजाची टिंगल करायची नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती शांतता मला सोसवेना, कारण आपल्या शाळांत कोणी अडकलं की दहा जण ओरडून उत्तर देतात. मोठ्या माणसाला चारचौघांत अडकण्याची जी लाज वाटते ती त्या शांततेत हळूहळू जाते. रानजाई, तुझ्या वर्गात सासू-सून शेजारी बसणार आहेत. सुनेने सासूला उत्तर सुचवलं की सासू दुसऱ्या दिवशी येणार नाही. हा एक नियम जरूर लाव.

---

जुनी_वही

इतिहासाची थोडी भर घालते.

किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर तलासरी-डहाणूच्या वारल्यांमध्ये गेल्या त्याआधी, १९३०च्या दशकात, त्यांनी मुंबईत प्रौढ साक्षरतेची मोहीम चालवली होती. म्हणजे पाटी-पेन्सिलीचा अनुभव त्यांच्या गाठी होता. पण २३ मे १९४५ला झरीला हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही अशी शपथ घेतली, तिथे शिकवण्याची वेगळीच तऱ्हा दिसते. घोषणा सोप्या, पुन्हा पुन्हा म्हणून घेतलेल्या, प्रत्येकाने पाड्यावर जाऊन तशाच सांगायच्या. लाल बावटा घेऊन फिरणारी माणसं बहुतांशी निरक्षर होती आणि मजुरीचा दर त्यांना तोंडपाठ होता.

पुढे १९७२पासून शहाद्याकडे भिल्लांचे नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या शिबिरांत भिल्ल बाया बसायला लागल्या. चर्चा सुरू झाली मजुरीवर, बाया बोलल्या दारूवर आणि मारहाणीवर, आणि शिबिरातूनच उठून दारूची भांडी फोडायला निघाल्या. विषय ठरवून आलेले लोक आणि बायांनी काढलेला विषय यांत अंतर पडलं तेव्हा शिबिर घेणारे बायांच्या मागे गेले. रानजाई, तुझ्या पिशवीतूनही एखादा असा कागद निघेल जो तुझ्या आराखड्यात नाही. त्यासाठी जागा ठेव.

---

स्वाती_ठाणे

किती सुंदर चर्चा! आमचा ठाण्याचा एक गट आहे. पुस्तकं, पाट्या, जुने टॅब पाठवू शकतो. सुट्टीच्या दिवशी शिकवायलाही येऊ. चालेल का?

---

रानजाई

स्वातीताई, येण्याची इच्छा आहे हेच मोठं. स्पष्ट लिहिते, वाईट वाटून घेऊ नका. शिकवायला पाड्यावरचंच माणूस हवं, कारण वर्ग रात्री आहे आणि रोजचा आहे. रविवारी पाहुणे आले की बाया स्वयंपाकाला लागतात आणि वर्ग बुडतो. टॅबला आमच्याकडे रेंज नाही. शोधवाटताईंनी चष्म्याचं सांगितलं, ते मला सगळ्यात तातडीचं वाटतं. +१.५, +२, +२.५ असे थोडे थोडे चष्मे मिळाले तर फार उपयोग होईल, तपासणी आम्ही आरोग्य केंद्रातून करून घेऊ. तुमच्यात कोणी वकील असेल तर मात्र पाहुणे म्हणून एकदा या. दावा नामंजूर झाल्याच्या पत्रांत काय कारणं दिली आहेत ती वाचून समजावायला.

मेघनाताई, सुचवायचं नाही हा नियम लावणारच. माझी आईच वर्गाला बसणार आहे आणि मीच तिला सुचवणारी आहे.

---

तेंदूफळी

वनहक्काच्या दाव्याबद्दल एक राहून गेलं. पुरावा म्हणून म्हाताऱ्या माणसांचं कथन चालतं, नियमांतच आहे: दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं, लिहून काढलेलं. आमच्याकडे दावे करताना म्हाताऱ्यांना घेऊन रानात फिरलो. कुठे जुनं गाव होतं, कुठला नाला कोणाचा, देवाचं झाड कुठलं. तरुण मुलं लिहीत गेली आणि संध्याकाळी वाचून दाखवत गेली. म्हातारे चुका काढायचे, 'असं नाही म्हटलं मी.' लिहिलेलं आपण खोडू शकतो हे त्यांना तेव्हा कळलं. तोवर लिहिलेलं म्हणजे साहेबाचं, अशी समजूत होती. तुमच्या पाड्यावर सामूहिक दावा झाला नसेल तर वर्ग आणि दावा एकत्रच चालवा. रविवारी सकाळी रानात, रात्री वाचन.

गोंडवाना विद्यापीठाने २०२३पासून 'विद्यापीठ आपल्या गावात' म्हणून गावातच पदवीचे वर्ग सुरू केले आहेत, कामधंदा करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. तुमच्या बायांपैकी कोणी पुढे जाऊ म्हणाली तर आपल्या भागातल्या विद्यापीठाकडे तसं मागता येईल.

---

रानजाई

सामूहिक दावा अजून झालेला नाही. दावे तपासणारी गावची वनहक्क समिती फक्त कागदावर आहे. समितीत एक तृतीयांश बाया असाव्या लागतात, आमच्याकडे त्यांची नावं आहेत पण त्यांना ते माहीत नाही. यादीच वर्गात वाचायला घेते.

मी असं ठरवलं आहे: आवणी झाली की डोळ्यांची तपासणी, मग पोळ्यानंतर वर्ग. पहिला महिना पिशवीतले कागद, त्यांतलीच अक्षरं, त्यांतलेच आकडे. चर्चा आमच्या बोलीत. दिवाळीपर्यंत ज्यांना जमेल त्यांना प्रवेशिका, आणि भट्टीवर जाणाऱ्यांना तीन रकान्यांची वही. सही सगळ्यात शेवटी.

पहिल्या रात्री मावशीचा वनपट्टा फळ्यावर घ्यावा म्हणते. तिची तयारी आहे.

---

सुरगाण्याचे गुरुजी

घेऊ नकोस, पोरी. तिची तयारी असली तरी दीर त्याच पाड्यावर आहे ना? क्षेत्र, गट नंबर, नावं भर वर्गात फळ्यावर आली की दुसऱ्या दिवशी तिला त्याचा जाब द्यावा लागेल. कोरा नमुना तहसीलमधून किंवा प्रकल्प कार्यालयातून आण, मोठ्या कागदावर उतरव, आणि त्यात सगळ्यांनी मिळून ठरवलेलं खोटं नाव भर. खोट्या नावाची बाई, खोट्या नावाचा नवरा, ०.४० क्षेत्र. त्यावर खुशाल वाद घालू दे. स्वतःचा कागद प्रत्येकीने घरी जाऊन, दार लावून वाचावा. अडलं तर तुझ्याकडे एकटीने यावं.

आणि मूळ कागद वर्गात आणायला लावू नकोस, झेरॉक्स आणायला सांग. पावसाचे दिवस आहेत.

---

रानजाई

बरं गुरुजी. कोरा नमुना सोमवारी आणते. नाव कोणतं द्यायचं ते पहिल्या रात्री बायांनाच विचारते.